चौथ्या रहस्यापाशी थांबलेली माळ

पंचवीस वर्षं मी एक मत धरून होतो. बायबल समजून वाचणं ही खरी श्रद्धा आणि रोझरीची माळ ओढणं हे नुसतं पाठांतर, असं ते मत. ते मनात ठेवलं असतं तर आज हे लिहायची गरज नव्हती. पण मी ते चारचौघांत बोललो, त्यावर हट्टाने वागलो आणि त्यामुळे आमच्या वाडीतल्या काही म्हाताऱ्या बायका दुखावल्या. म्हणून जे चुकलं तेही चारचौघांतच सांगतो.

मी वसईतल्या गासचा. केळीच्या बागेत आणि बावखलाच्या काठी वाढलो. लहानपणी आमच्या घरात बायबल नव्हतं. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिच्याखाली खिळ्याला माळा लटकलेल्या असत. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की सगळे गुडघ्यांवर. वडिलांना लॅटिन मिस्सेची उत्तरं तोंडपाठ होती. अर्थ विचारला की ते हसून गप्प बसत. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) मिस्सा मराठीत आली आणि वेदीवरचं बोलणं प्रथमच कानातून आत उतरलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली : समजलं तरच ते खरं.

पुढे शिक्षक झालो. घरी ‘सुवार्ता’ मासिक येऊ लागलं. 2010 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आलं आणि मी अक्षरशः हरखलो. विरारजवळच्या नंदाखालचा, आपल्यातलाच माणूस, आणि मराठी अशी की वाचताना कुठे अडखळायला होत नाही. त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. रोज पहाटे चहाआधी एक अध्याय, हातात पेन्सिल, समासात खुणा. हा नेम मी आजवर मोडलेला नाही.

चूक झाली ती या नेमामुळे नव्हे. या नेमाचा मला जो ताठा आला, त्यामुळे झाली.

आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची जबाबदारी काही वर्षं माझ्याकडे होती. मे महिन्यात वाडीच्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी सगळे जमत. क्रुसाला झेंडूची माळ, मेणबत्त्या, पोरांची पळापळ आणि मग पाच रहस्यांची पूर्ण रोझरी. एक रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आणि त्यावर माळेचे दहा मणी. एका वर्षी बैठकीत मी सुचवलं, पाचऐवजी एकच रहस्य म्हणू आणि उरलेला वेळ बायबलवाचन व चर्चेला देऊ. एका आजींनी विचारलं, “आणि बाकीची रहस्यं?” तेव्हा मी मत्तयच्या सहाव्या अध्यायाचा दाखला दिला. प्रार्थनेत शब्दांची बडबड करू नका असं येशूनेच शिकवलंय, तेच ते पन्नासदा म्हणून देवाला काय नवीन कळणार, असं मी म्हणालो. ‘पोपटपंची’ हा शब्दही वापरला. कुणी वाद घातला नाही. शिकलेल्या माणसासमोर आमच्याकडे सहसा घालत नाहीत.

त्यानंतर चार-पाच म्हाताऱ्या हळूहळू यायच्या बंद झाल्या. मी समजूत करून घेतली की त्यांना चर्चा झेपत नसेल.

मग 2018चा जुलै आला. 9 आणि 10 तारखेचा तो पाऊस वसईत कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, मिठागरात माणसं अडकलेली, आणि वीज गेली ती येण्याचं नाव नाही. आमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. शेजारी थोरली काकी एकटी राहायची, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला मी आमच्या घरी आणलं. मंगळवारची संध्याकाळ. शिल्लक मेणबत्त्या दोन. त्या उजेडात मला बायबलचं अक्षर दिसेना, मोबाइल कधीचाच बंद पडलेला. काकीने कनवटीची माळ काढली आणि म्हणाली, “चल, सुरू करू.”

काकीला अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उमटवणारी ती बाई. पण मंगळवार म्हणजे दुःखाची रहस्यं, हे तिला कॅलेंडरशिवाय माहीत होतं. पहिलं रहस्य : गेथसेमनी बागेत येशूची प्रार्थना. तिने ते नुसतं पुकारलं नाही, दोन वाक्यांत प्रसंग सांगितला : “शिष्य झोपले. तो एकटा जागा होता. तीनदा गेला आणि तीनदा तेच बोलला.”

मी चमकलो. तेच बोलला? मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात हे स्पष्ट लिहिलेलं आहे : तिसऱ्यांदाही त्याने त्याच शब्दांत प्रार्थना केली. मी तो अध्याय किती वेळा वाचला असेन, मोजदाद नाही. बडबड नको असं सांगणारा येशू, जीव कासावीस झाल्यावर स्वतःच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. सहाव्या अध्यायाचा दाखला म्हाताऱ्यांवर फेकताना मला सव्विसावा आठवला नव्हता. काकीला आठवत होता, कारण दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिच्या बोटांखालून जात होता.

चौथं रहस्य : येशू क्रूस वाहून नेतो. चार ‘नमो मरिया’ झाल्या आणि काकी थांबली. मला वाटलं, डुलकी लागली. म्हटलं, “काकी, पुढे म्हण की.”

“थांब जरा. त्याला वाटेत क्रूस धरायला एक माणूस तरी मिळाला. मागच्या चाळीतल्या त्या पोरीला कोण आहे?”

मागच्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत बिहारकडचं एक जोडपं भाड्याने राहत होतं. नवरा कामावर गेलेला, गाड्या बंद पडल्यामुळे तिकडेच अडकलेला. बायको तीन महिन्यांच्या मुलीसह एकटी. मी तिला रोज पाहत होतो, पण त्या संध्याकाळी ती माझ्या मनातही आली नव्हती. मी आणि माझा मुलगा काठीने चाचपत मांडीभर पाण्यातून गेलो. ती लेकराला छातीशी धरून खाटेवर बसली होती, खाटेचे पाय पाण्यात. दोघींना घरी आणलं. बायकोने गॅसवर तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, वाटाण्याची भाजी केली. मूल झोपलं. मग काकीने विचारलं, “किती राहिले?” आणि आम्ही उरलेले सहा मणी पुरे केले.

वाटेत क्रूस धरणारा तो माणूस, सायमन कुरेनेकर, कुठल्या शुभवर्तमानात येतो हे मला त्या रात्रीही सांगता आलं असतं. मार्क, मत्तय, लूक, तिन्ही ठिकाणी. पण त्याचं करायचं काय, हे काकीला माहीत होतं.

त्यानंतर मी रोझरीकडे नव्याने पाहू लागलो. मठांत साधू दीडशे स्तोत्रं म्हणत. ज्या साध्या लोकांना वाचता येत नसे ते त्यांच्या जागी दीडशे प्रार्थना म्हणू लागले. पंधरा रहस्यांची रोझरी त्या वाटेने आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली त्यात प्रकाशाची पाच रहस्यं मिळवली : यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर, शेवटचं भोजन. म्हणजे माळ हे निरक्षरांच्या हातातलं शुभवर्तमान आहे. पुस्तकाला विरोध म्हणून ती आलेली नाही, पुस्तक ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही त्यांच्यासाठी आली. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही ओवीत. सुमारे 11 हजार ओव्या. ओवी कानाने घ्यायची, ओठांनी जपायची. त्यांना हे चारशे वर्षांपूर्वी उमजलं होतं. मी वाचन फक्त डोळ्यांचं मानून बसलो.

पाऊस ओसरल्यावर मी त्या म्हाताऱ्यांच्या घरी एकेकीकडे गेलो आणि माफी मागितली. एक आजी म्हणाल्या, “तू शिकलेला, वाटलं तुझंच खरं असेल. म्हणून आम्ही घरीच म्हणत राहिलो, हळू आवाजात.” ते ‘हळू आवाजात’ माझ्या मनातून जात नाही. स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या क्रुसापासून हाकेच्या अंतरावर, त्यांना प्रार्थना चोरून करावीशी वाटली आणि ते माझ्यामुळे.

पहाटेचं वाचन मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. वाचन नसेल तर रहस्यं नुसती नावं होऊन राहतात आणि कुणीही काहीही सांगून श्रद्धाळू माणसाला फिरवू शकतो, हे मी पाहिलेलं आहे. तरुणांच्या हाती बायबल असलंच पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे. बदललंय ते इतकंच : वाचणारा वरचा आणि जपणारा खालचा, ही उतरंड मी मोडून टाकली.

काकी आता नाही. मे महिन्यात क्रुसाजवळ पुन्हा पाच रहस्यं म्हटली जातात. प्रत्येक रहस्याआधी त्या प्रसंगाचा उतारा एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी मोठ्याने वाचते, आणि पुढची माळ एखादी आजी चालवते. दुःखाची रहस्यं असली की चौथ्यापाशी आम्ही चार मण्यांनंतर थांबतो. त्या वेळी ज्याला जे माहीत असेल ते तो सांगतो : अमक्याच्या घरी आजारपण आहे, तमक्याची नोकरी गेली, चाळीत नवं बिऱ्हाड आलंय आणि त्यांना पाणी मिळत नाही. कोण जाणार ते तिथेच ठरतं. मग उरलेले सहा मणी.