पौर्णिमेची बैठक

२०२५ च्या ऑक्टोबरात अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा अकरावीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी फळ्यावर तीन नावे लिहिली. जोएल मोकीर, फिलिप आगियाँ आणि पीटर हॉविट. खाली दोनच शब्द होते, ‘सर्जनशील विनाश’. आम्ही व्हरांड्यातून जात होतो, ते दाराशीच थबकलो.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. बी. ए. ला हीच संज्ञा आम्ही ‘सृजनात्मक विनाश’ अशी घोकली होती. नवे तंत्र आले की जुने उद्योग मोडतात आणि त्या मोडतोडीतूनच अर्थव्यवस्था पुढे सरकते, हा शुंपीटर यांचा विचार. परीक्षेत आम्ही त्यावर टीपही लिहिली. त्याच सुमारास इथे इंदुरात, आमचे वडील ज्या कापड गिरणीत जॉबर होते तिचा भोंगा बंद झाला. घरी आई किराण्याची उधारी मोजत होती आणि आम्ही आतल्या खोलीत टीप पाठ करत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानीमनीही आले नाही. पुस्तकातले वहीत, घरातले घरात, अशी आमची पक्की वाटणी होती.

या तिघांपैकी आगियाँ आणि हॉविट यांनी शुंपीटर यांचा विचार १९९२ मध्ये गणिताच्या चौकटीत बसवला. मोकीर मात्र इतिहासकार. (आमचे इतिहासाचे सर तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होते.) मोकीर यांचा प्रश्न साधा आहे. शोध तर माणसाने हजारो वर्षे लावले. मग अठराव्या शतकाआधी प्रत्येक वेळी ती लाट ओसरली आणि नंतर ओसरलीच नाही, असे का? त्यांच्या उत्तराचा एक मोठा भाग असा, की एखादी गोष्ट का घडते हे जाणणारे पंडित आणि ती कशी करायची हे जाणणारे कारागीर तोवर वेगवेगळ्या आळ्यांत राहत होते. ते एकमेकांशी बोलू लागले आणि चित्र पालटले.

असे बोलणे प्रत्यक्ष कसे चाले, याचे एक उदाहरण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे आहे. १७६५ च्या सुमारास तिथे काही मित्र एकत्र जमू लागले. पुढे त्यांच्या मंडळाला ‘लूनर सोसायटी’, म्हणजे चांद्रमंडळ म्हणू लागले. बैठक पौर्णिमेच्या आसपास असे, कारण रस्त्यावर दिवे नव्हते आणि रात्री घोड्यावरून घरी परतायला चांदणे लागे. मंडळी थट्टेने स्वतःला चंद्रवेडे म्हणवीत. घटना नाही, वर्गणी नाही, इतिवृत्तही नाही. (विश्वस्त मंडळींनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) सदस्य एका वेळी डझनभर असतील. मॅथ्यू बोल्टन कारखानदार, इरॅस्मस डार्विन आणि विल्यम विदरिंग डॉक्टर, जोसाया वेजवुड कुंभार, जोसेफ प्रीस्टली धर्मोपदेशक आणि रसायनशास्त्रज्ञ. बोल्टन यांची विल्यम स्मॉल या डॉक्टरांशी गाठ घालून देणारे पत्र अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे होते. स्त्रियांना मात्र या बैठकीत जागा नव्हती, हेही सांगायला हवे.

याच मंडळीत जेम्स वॉट आले. वॉट यांनी सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नव्हती, तरी ग्लासगोच्या विद्यापीठाने त्यांना उपकरणे दुरुस्त करायला आपल्या आवारात खोली दिली. उष्णतेचा अभ्यास करणारे जोसेफ ब्लॅक तिथेच शिकवीत, आणि पुढे अर्थशास्त्राचे जनक ठरलेले ॲडम स्मिथही. १७६३-६४ च्या हिवाळ्यात वॉट यांच्याकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचा एक नमुना दुरुस्तीला आला. हे इंजिन इतकी वाफ वाया का घालवते, या प्रश्नाने त्यांना पछाडले. प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यातच सारा कोळसा जातो, हे त्यांनी ओळखले. उपाय १७६५ मध्ये सुचला: वाफ वेगळ्या भांड्यात थंड करावी, सिलिंडर गरमच राहू द्यावा. पण कल्पनेचे यंत्र व्हायला पैसा, कुशल हात आणि चोख सिलिंडर लागतो. १७७५ मध्ये बोल्टन भागीदार झाले तेव्हा कुठे गाडे चालले. गिऱ्हाइकाकडून पैसे घेण्याची त्यांची रीतही नामी होती: जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा!

पण ही मंडळी काही संत नव्हती. त्याच १७७५ साली संसदेने वॉट यांच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली आणि त्या जोरावर त्यांनी इतर संशोधकांना कोर्टात खेचले. कालचा नवा माणूस आज जुना झाला की दाराला आतून कडी लावतो. ही कडी कितपत लावू द्यायची, हा धोरणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आगियाँ आणि हॉविट यांच्या गणितातही तो आहेच. आणि ज्याची गिरणी बंद होते त्याला दुसरे काम मिळेपर्यंत कोण सांभाळणार? आमच्या टीपेत हा मुद्दा नव्हता. वडिलांनी तो कधी विचारला नाही. ते सायकलवरून उदबत्त्या विकत राहिले.

आता आमचा स्वतःचा कबुलीजबाब. मागे विज्ञान प्रदर्शनात नववीच्या एका मुलाने जुन्या पंख्याच्या मोटरीत चुंबके बसवून पवनचक्की केली होती. तक्त्यावर मार्गदर्शक म्हणून वडिलांचे नाव होते. त्यांचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. आम्ही ते नाव काढायला लावले. मार्गदर्शक शाळेचा शिक्षकच हवा, असा नियम होता आणि तो आम्हीच केला होता. परीक्षकांनी विचारले, तारेचे वेढे इतकेच का? मुलगा गोंधळला, आमचे सरही गप्प झाले. ज्यांना उत्तर ठाऊक होते ते गृहस्थ सहा हातांवर, पालकांच्या गर्दीत, हाताची घडी घालून उभे होते. शिकून सवरूनही गिरणी कामगाराच्या मुलाने हे करावे!

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या दुकानी गेलो. दर पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत बसायचे ठरते आहे. सर्व विषयांचे शिक्षक, आठवीपासून पुढची मुले-मुली आणि हाताने काम करणारे पालक, मग ते शिवणकाम करणारे असोत, सुतार असोत वा हिशेबनीस. आरोग्य खात्यात नोकरी करणाऱ्या एका आईंनी यायचे कबूल केले आहे. विश्वस्तांकडे आमची मागणी एवढीच, की प्रयोगशाळेची किल्ली शनिवारी रात्री आठपर्यंत आमच्याकडे राहू द्यावी.

वाइंडिंगवाले काका आधी नाहीच म्हणत होते. “सर, मला भाषण येत नाही.” भाषण नकोच, असे आम्ही सांगितले. त्यांनी थोडा वेळ हातातल्या आर्मेचरकडे पाहिले आणि म्हणाले, “मग मुलांना घरून एकेक बंद पडलेला पंखा आणायला सांगा. चालू पंखा कुणी आणू नका.”