देवरीच्या वाटेवरची खेळणी

नागपूर सोडून भंडारा, साकोली, कोहमारा मागे टाकले, की कोलकात्याकडे जाणारा महामार्ग रानातून देवरीला येतो. गोंदिया जिल्ह्याचे, किंबहुना महाराष्ट्राचे, हे पूर्वेचे दार, पलीकडे छत्तीसगड. इथल्या टपरीवर चहा घेत घटकाभर बसावे. डंपर, क्रेन आणि पिवळेधमक जेसीबी यांची वरातच समोरून जाते. ज्या खेळण्यांसाठी शहरातली मुले दुकानात फतकल मारतात, ती इथे खरीखुरी!

या खेळण्यांचे कुळ अमेरिकेतले. ईस्ट मोलिन येथे मोटारट्रकचे सुटे भाग करणाऱ्या फ्रेड लुंडाल यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या बडी नावाच्या मुलासाठी जाड पोलादी पत्र्याचा ट्रक केला. त्यातूनच ‘बडी एल’ खेळणी निघाली. मूल वर बसले तरी ती वाकत नसत. पुढे मिनेसोटातील माउंड गावी १९४६ मध्ये बागेची अवजारे करणारा एक कारखाना निघाला. त्याने १९४७ मध्ये पत्र्याचे खोदयंत्र आणि क्रेन काढली, आणि अवजारे मागे पडली. जवळच्या मिनेटोंका सरोवरावरून या खेळण्यांचे नाव पडले ‘टोंका’. मिनेटोंका म्हणजे डकोटा भाषेत ‘मोठे पाणी’.

मोठे पाणी म्हटले, की याच जिल्ह्यातला नवेगावबांध आठवतो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात तो बांधविला, असे सांगतात. कोहळी मंडळींनी या मुलखात असे कितीतरी तलाव उभे केले. तेव्हा ना डंपर होते, ना खोदयंत्र. कुदळीने माती खणायची, टोपलीने वाहायची आणि पाळीवर टाकायची. त्याच पाण्यावर इथला धान पिकत आला.

विदर्भातल्या मुलांचे मानाचे खेळणे मात्र निराळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकांवरचा लाकडी बैल सजवून मुले मिरवतात आणि घरोघरी बोजारा मिळवितात. ज्याच्या जिवावर घर चालते, त्याचेच खेळणे व्हावे, ही केवढी कृतज्ञता! लुंडालच्या मुलाला ट्रक मिळाला, इथल्या मुलांना नंदी, रीत एकच.

आता शेतात बैल कमी आणि यंत्रे फार झाली. उद्या एखाद्या पोराने तान्ह्या पोळ्यात लाकडी जेसीबी ओढत आणला, तर आपण नाक मुरडू नये. पण बैलाला सण आहे, यंत्राला खेळणे आहे. टोपलीने माती वाहणाऱ्या बाईमाणसाला मात्र ना सण, ना खेळणे. यंदा दिवाळीत मुलाच्या हाती पिवळा डंपर द्याल, तेव्हा तिची गोष्टही सोबत द्या. तेवढा बोजारा आपण तिला देणे लागतो.