शिलाहारांची हरवलेली पुरी : वाढवण ते एकसर

मंगळवार, वाढवण

डहाणू रोडला उतरून चिंचणीच्या रस्त्याला लागलं की भिंती बोलायला लागतात. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’ कुठे रंग उडालाय, कुठे त्यावर पुन्हा हात फिरवलाय. आतल्या गल्ल्यांतून डाय कोरणाऱ्यांची ठकठक ऐकू येते आणि किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळतात. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलो, तर शेजारच्या काकांनी विचारलं, “बंदर बघायला आलात?” म्हटलं, नाही, एक जुनं राज्य शोधतोय. “मग बरं,” म्हणाले. “बंदर अजून दिसत नाही आणि राज्य आता दिसत नाही. बसा दोघांची वाट बघत.”

काकांनी माझ्या लेखमालेचा विषयच सांगून टाकला. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बंदरासाठी समोरच्या पाण्यात भराव घालून १४४८ हेक्टर जमीन उभी करायची आहे, १०.१४ किलोमीटरचा लाटारोधक बांध घालायचा आहे. खर्च ७६,२२० कोटी रुपये. म्हणजे जी जमीन अजून झालेली नाही, तिचं क्षेत्रफळ हेक्टरपर्यंत ठाऊक आहे. उलट साडेचार शतकं या किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या शिलाहारांची राजधानी ‘पुरी’ नेमकी कुठे होती, यावर आजही एकमत नाही.

शिलाहारांच्याही आधी पुरी होतीच. ६३४ सालचा ऐहोळेचा शिलालेख सांगतो की दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नावा घेऊन पुरीवर चाल केली. लेख तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो. तेव्हा ती कोकणच्या मौर्यांकडे होती असं मानतात. पुढे शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘पुरी आणि इतर चौदाशे गावं’ असा मुलूख येतो. म्हणजे सगळ्या कोकणचा हिशेब जिच्या नावाने मांडायचा, तिचाच पत्ता कुणी लिहून ठेवला नाही. ज्याला त्याला माहीत होता ना!

बुधवार, वाढवण

“आज बीज. दीडला भरती पूर्ण, साडेसातला ओहोट.” काकांनी तिथीला पाऊणने गुणून वेळ काढली. मोबाइलमधलं कोष्टक त्यापासून थोडंच इकडेतिकडे होतं. पाणी हटलं तसा काळा खडक उघडा पडला. खाचांत पाणी साचलेलं, त्यात बोटभर मासे, खेकडे. कालवं फोडणाऱ्या बायका पदर खोचून केव्हाच आत गेलेल्या. हा खडक म्हणजे शेवंडांचं घर, असं त्यातल्या एका मावशींनी सांगितलं. माझ्या वहाणांकडे बघून त्यांनी पुढचं न बोलताच सांगितलं. मी वहाणा काढल्या.

इथल्या खडकातल्या शंखोदराला गावकरी तीर्थ मानतात. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं, अशी श्रद्धा आहे. मला मात्र त्या खडकावर वेगळीच कथा आठवत होती, खुद्द शिलाहारांची. त्यांचे ताम्रपट वंशाचा आरंभ जीमूतवाहनापासून करतात. हा माणसांचा राजा नव्हे, आकाशातून फिरणाऱ्या विद्याधरांचा राजपुत्र. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा असा करार झालेला असतो. समुद्रकाठच्या वधशिलेवर शंखचूड नागाची पाळी येते, आई आक्रोश करते आणि जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतः जाऊन बसतो. गरुड त्याला अर्धाअधिक खातो, मग खरं काय ते कळून खजील होतो. हर्षाने याच कथेवर ‘नागानंद’ लिहिलं.

आता गंमत बघा. शिलाहारांच्या मुद्रेवर आणि ध्वजावर कोण? गरुड! पूर्वजाचे लचके तोडणारा पक्षीच निशाणावर घ्यायचा, हे धाडस मला दुसऱ्या घराण्यात दिसलेलं नाही. राजवंश सूर्य-चंद्रापासून निघतात ते नेहमीचंच. पण ‘आमचा मूळपुरुष परक्या नागासाठी खडकावर जाऊन बसला’ अशी वंशावळ, तीही जमिनीच्या दानपत्रांवर, हे फार आवडलं.

गुरुवार, चिंचणी

दंतकथेतून हिशेबात यायचं तर चिंचणी गाठावी. वाढवणच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर म्हणण्याइतकी जवळ. गेल्या शतकाच्या मध्याला इथे ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. मूळ पत्रे आता गावात नाहीत. मी त्यांचं वाचन पिशवीत घालून आलो होतो.

पहिला पट ९२६ सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संयान, म्हणजे आजचं संजाण, तिथल्या मंडलाचा अधिकारी आहे मधुमती. हे मुहम्मदचं संस्कृत रूप. माणूस ताजिक, म्हणजे अरब. त्याने काय केलं? दोन नद्यांवर फुकट तरी चालवली आणि अन्नछत्र उघडलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. त्याच्याच संमतीने भगवती देवीच्या मठाला जमीन मिळाली. पुढच्या एका पटात या मठाचा आणि शेजारच्या भिल्लमालदेवाच्या देवळाचा जागेवरून वाद मिटवलेला आहे. जागेचा वाद नसलेलं कोकण कधीच नव्हतं, हे त्यावरून कळतं.

मग १०३४ चा पट. आता वर शिलाहार छित्तराज आणि संयानला त्याचा मांडलिक चामुंडराज. हा मठाला तेलाचा एक घाणा देतो. कशासाठी, तर भगवतीपुढे दिवा लावायला आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळायला. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. चालून आलेल्या माणसाच्या भेगाळलेल्या टाचा दिसल्याशिवाय असं कलम कोणी घालत नाही. कालच्या खडकाने माझ्या तळव्यांची जी गत केली होती, ती बघता मठ आज चालू असता तर मी विद्वान असल्याचंही सांगितलं असतं.

संजाण आता तलासरीपलीकडे, गुजरातेत. पारशांचा ‘किस्सा-ए-संजाण’, १५९९ मध्ये रचलेलं फारसी काव्य, त्यांना आसरा देणाऱ्या राजाचं नाव जादी राणा सांगतं. काही अभ्यासक त्याला शिलाहारांच्या वज्जडाशी जोडतात. मला तो धागा फार बारीक वाटतो. (दुधात साखर विरघळवल्याची सुप्रसिद्ध गोष्ट त्या काव्यात नाहीच.) संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षं बहारोटच्या डोंगरात राखला, असं काव्य म्हणतं. तो डोंगर इथून उत्तरेला, बोर्डीच्या मागे. अग्नी आज उदवाड्याला आहे. आश्रय देणाऱ्या राजाचं नाव उरलं ते पाहुण्यांनी राखलं म्हणून.

शुक्रवार, एकसर

लोकलने बोरिवली. पश्चिमेला एकसर गावात इमारतींच्या मधोमध वीरगळ उभे आहेत. खालच्या पट्टीत शिडाच्या डोलकाठ्यांची जहाजं एका रांगेत, बाजूने वल्ह्यांची ओळ, वर धनुर्धारी. त्यावरच्या पट्ट्यांत लढाई, पाण्यात पडलेले वीर, त्यांना उचलून नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी कैलासावर शिव. दगड झिजलाय, पण वल्ही मोजता येतात. शेंदूर लागलेल्या एका शिळेपुढे ताजी जास्वंद होती.

ही लढाई कोणती, यावर वाद आहे. कोणी परमार भोजाची स्वारी म्हणतं, कोणी शिलाहारांचा शेवट. शेवट असा : देवगिरीचा महादेव यादव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. शेवटचा शिलाहार सोमेश्वर जमिनीवर हरला तसा गलबतात बसला, पण महादेवाने समुद्रातही पाठ सोडली नाही. १२६५ च्या सुमाराला सोमेश्वर बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल परवडला. विजेत्याच्या दरबारातला टोमणा. पण बुडणाऱ्या राजाची तेवढीच नोंद आपल्या हाती आहे.

मला लढाई सोमेश्वराचीच वाटते. पुरावा नाही, पण हत्तींच्या फौजेसमोरून जो राजा नावेकडे धावतो त्याची राजधानी पाण्यातच असणार, आणि मग पुरी म्हणजे मुंबईच्या बंदरातली घारापुरी. आक्षेप ठाऊक आहे : बेट लहान, पावसाळ्यात संपर्क तुटणारं, चौदाशे गावांचा कारभार तिथून कसा चालावा? काही जण म्हणूनच जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचं नाव घेतात. पण कारभार ठाण्याहून आणि मान पुरीचा, अशी वाटणी आपल्याला नवी थोडीच आहे! नागपूरला अधिवेशन भरतंच की.

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेव्हा पुढचा भाग मंगळवारच्या पहिल्या लाँचने. वाढवणच्या काकांना फोन केला, तर म्हणाले, “तिथी सांगा, भरतीची वेळ मी काढून देतो.”