संबोधन : वाक्याबाहेरचे पद

विद्यार्थी मित्रहो,

या दोन शब्दांनी घटकाचा प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. गेली अनेक वर्षे मीही तो पाळत आलो. ते लिहिताना आपण नेमकी कोणाला हाक मारत आहोत, याचा विचार मात्र मी क्वचितच केला.

प्रथम व्याकरण पाहू. मराठीच्या परंपरागत मांडणीत आठ विभक्ती मानतात. त्यांतील शेवटची संबोधन. अनेकवचनात तिचा 'नो' हा प्रत्यय स्पष्ट दिसतो : मुलांनो, मुलींनो. एकवचनात प्रत्यय नसतो. नामाचे सामान्यरूपच हाकेसाठी पुढे येते : मुलगा–मुला, देव–देवा. 'आई', 'काकू' यांचे सामान्यरूप मूळ रूपासारखेच असल्याने तेथे बदल दिसत नाही. संस्कृतात पाणिनीने संबोधनासाठी वेगळी विभक्ती न मानता प्रथमाच सांगितली. 'मुला, दार उघड' या वाक्यात कर्ता 'तू' हा अध्याहृत आहे. 'मुला' या पदाचा क्रियापदाशी कारकसंबंध नाही. ते वगळले तरी वाक्य मोडत नाही. म्हणून 'संबोधन हे वाक्याबाहेरचे पद' असे मी शिकवत असे.

एकदा संपर्कसत्रात मी स्वाध्याय दिला : तुम्हांला रोज ऐकू येणारी पाच संबोधने लिहा. चाळिशी ओलांडलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिले : आई, वहिनी, काकू, अगं, अहो. शेवटच्या दोहोंखाली मी तांबडी रेघ ओढली आणि शेरा दिला, 'ही केवलप्रयोगी अव्यये आहेत. नामाचे रूप हवे.'

पुढच्या सत्रात त्या वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, नामाचे रूप कोठून आणू? लग्नात माझे नाव बदलले, आणि ते नवे नावही घरात कोणी घेत नाही. जुने दाखल्यावर राहिले. ते आता फक्त तुमच्या हजेरीत ऐकते."

माझा शेरा व्याकरणदृष्ट्या अचूक होता. तो मी खोडला नाही. पण शिकवण्याची रीत बदलली. संबोधन क्रियापदाशी नाते सांगत नाही हे खरेच. ते बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील नाते सांगते. 'दार उघड' हे वाक्य 'मुला' या पदावाचून पूर्ण असते, परंतु ते कोणासाठी उच्चारले हे त्यातून कळत नाही. माझ्या 'मित्रहो' या पुल्लिंगी हाकेत त्या बाईंना जागा होती का, हे मी तोवर तपासले नव्हते.

पुढील विभागाकडे वळण्यापूर्वी एक काम करा. दिवसभरात तुम्हांला आलेल्या हाका वहीत नोंदवा. त्यांतील नाम कोणते, अव्यय कोणते, ते ओळखा. प्रत्येक हाकेपुढे ती मारणाऱ्याचे तुमच्याशी असलेले नाते लिहा. एखादी हाक यावी असे वाटत होते पण आली नाही, तर तीही लिहा. तिचे संबोधनाचे रूप तुम्हांला नक्की येते.