महिरपी कंसातली पुस्तके

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या वाटेस जाऊ नये, हे माझे मत अगदी परवापरवापर्यंत ठाम होते. ते मोडले आमच्या अकरावीतल्या कन्येने, आणि निमित्त झाले अण्णांच्या पुस्तकांचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ८२ वर्षांचे आहेत. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची सव्वातीनशे पुस्तके दिवाणाखाली, माळ्यावर आणि सौभाग्यवतींचे लक्ष नसेल तर धान्याच्या डब्यांमागेही असतात. ती एका ग्रंथालयाला द्यायचे ठरले. देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाची हकीकत अण्णांच्या तोंडून टिपून घ्यावी, असे मला वाटले.

"वहीत कशाला? जावास्क्रिप्टमधला ऑब्जेक्ट शिका, बाबा. तुम्हांला लगेच जमेल," कन्या म्हणाली.

आणि जमले की! ऑब्जेक्ट म्हणजे महिरपी कंसात बसवलेली एक वस्तू. आत आधी गुणाचे नाव, मग दोन टिंबे, मग त्याचे मूल्य. नाव : 'बनगरवाडी', लेखक : 'व्यंकटेश माडगूळकर', वर्ष : १९५५. मजकूर अवतरणचिन्हांत, आकडे तसेच उघडे. एक चिन्ह विसरले की संगणक अडून बसतो. जुना परीक्षक या नात्याने मला ते फार आवडले. मग 'पुस्तक' लिहून टिंब द्यायचे आणि पुढे 'लेखक' लिहायचे, की माडगूळकर हजर! ते टिंब म्हणजे आपली षष्ठी नव्हे तर काय? पुस्तकाचा लेखक, पुस्तकाचे वर्ष. ही नावे देवनागरीतही चालतात. 'लेट', 'कॉन्स्ट' असे राखीव शब्द तेवढे इंग्रजी. वस्तूच्या पोटात क्रियाही ठेवता येते. 'ओळख सांग' म्हटले की पुस्तक आपले नावगाव सांगते. नाम, विशेषण आणि क्रियापद एकाच कंसात नांदतात. ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थाने १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली, असे कळले तेव्हा मात्र माझ्या रखडलेल्या प्रबंधाची आठवण होऊन मी विषय बदलला.

प्रत्येक पुस्तकाला मी एक गुण अधिक जोडला : आठवण. दोन महिने रोज संध्याकाळी अण्णा बोलत आणि मी टंकलेखन करी. 'रणांगण' त्यांनी मित्राकडून एका रात्रीपुरते आणले, ते पन्नास वर्षे परत गेले नाही. 'बनगरवाडी' ही लग्न ठरल्यावर त्यांनी आईला दिलेली पहिली भेट. आईने ती कधीच वाचली नाही, आणि तसे चाळीस वर्षे सांगितलेही नाही.

असल्या घरगुती गोष्टी ग्रंथालयाला कशाला? म्हणून मी 'प्रत' नावाची दुसरी यादी केली : प्रत बरोबर मूळ. प्रतीतल्या सगळ्या आठवणी पुसल्या, दोन्ही याद्या पुन्हा साठवल्या आणि समाधानाने झोपलो. सकाळी मूळ यादी उघडली. एकाही पुस्तकाला आठवण नव्हती.

कन्येने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही प्रत केलीच नाहीत. त्याच यादीला दुसरं नाव दिलंत. बरोबरचं चिन्ह वस्तू देत नाही, वस्तूचा पत्ता देतं."

हे खरे म्हणजे नव्या मुंबईच्या माणसाला समजायला हवे होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तिने वसवलेल्या या शहरात सेक्टर आणि प्लॉटच्या आकड्यांवाचून माणूस सापडत नाही. माझा पत्ता दोन चिठ्ठ्यांवर लिहून दोन हमालांना दिला, म्हणून माझी घरे दोन होत नाहीत. दोघेही त्याच दारातून कपाटे बाहेर काढणार!

"पण मी 'कॉन्स्ट' लिहिलं होतं. म्हणजे अचल ना?"

"नाव अचल, बाबा. आतलं सामान नव्हे."

तीन टिंबे देऊन यादीची प्रत करता येते, पण तिच्यातली पुस्तके तीच राहतात. आतल्या वस्तूंसकट सगळे नवे हवे तर 'स्ट्रक्चर्ड क्लोन' म्हणून सोय आहे. ती मला एक दिवस उशिरा कळली.

अण्णांपुढे पुन्हा जाऊन बसलो. ते रागावले नाहीत. पहिल्यापासून सांगू लागले. पण या खेपेस 'रणांगण' मित्राकडून आलेले नव्हते, दादरच्या फुटपाथवर विकत घेतलेले होते. मी मुकाट्याने तसेच लिहिले. काही पुस्तके ते नुसतीच हातात धरून बसत. 'बनगरवाडी' त्यांनी उघडली, तिचा वास घेतला आणि विचारले, "ही कुणाची रे?"

त्या रात्री कन्येने आणखी एक धडा दिला. वस्तूत नसलेला गुण विचारला तर उत्तर येते 'अनडिफाइंड'. जागा आहे, पण जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे, असे सांगायचे तर 'नल' लिहावे. गंमत अशी, की या 'नल'ची जात विचारली तर जावास्क्रिप्ट 'ऑब्जेक्ट' म्हणूनच सांगते! ही भाषेच्या जन्मापासूनची चूक आहे. पण सुधारायला जावे तर जुने लिखाण मोडेल, म्हणून तिला कुणी हात लावत नाही.

'बनगरवाडी'च्या आठवणीपुढे मी आधी 'नल' लिहिले. मग खोडले, आणि दोन महिन्यांपूर्वी ऐकलेले सारे स्वतःच लिहून काढले. खाली एक नवा गुण जोडला. सांगणारा : 'मुलगा'.

ते पुस्तक तेवढे ग्रंथालयाच्या यादीतून काढून ठेवले आहे.