शरणागतांचा तालुका

आमगाव, बुधवार

तीर्थरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हावड्याच्या लोहमार्गावरील या ठाण्यावर उतरलो तो जवळचे पदमपूर पाहण्यासाठी. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे अनेक विद्वान मानतात. भातबांध्यांच्या त्या परिसरात कवीची म्हणावी अशी खूण मला तरी आढळली नाही. मात्र राजाने त्यागिलेल्या सीतेचे पुत्र वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेले ज्याने रंगभूमीवर आणले, त्याच्या गावाहून शरणागतांच्या वसाहतीकडे पुढच्या प्रवासास निघणे मला उचित वाटते. उद्या गोंदियाहून चांद्याच्या गाडीने अर्जुनी, तेथून गोठणगाव.

गोठणगाव, शुक्रवार

तीर्थरूप दादांस, सा. न. वि. वि.

१९५९ साली दलाई लामा भारताच्या आश्रयास आले आणि त्यांच्या मागोमाग सहस्रावधी तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांच्यापैकी काहींसाठी १९७२ मध्ये या रानात नोर्ग्येलिंग वसाहत वसविण्यात आली. आसपासचे लोक तिला नुसते ‘कॅम्प’ म्हणतात. हिमप्रदेशातील माणसांच्या वाट्यास विदर्भाचा वैशाख यावा, हा दैवाचा विनोद की दप्तराचा, कोण जाणे!

जमीन सरकारने दिली खरी. परंतु पावसाळ्यात भात लावणारी आणि हिवाळ्यात लोकरी कपडे विकण्यास शहरोशहरी पांगणारी ही मंडळी ज्याच्या ओढीने पुन्हा एका ठिकाणी जमतात, तो आश्रय त्यांनी आपल्या धर्माच्या बळावर स्वतःच उभारला, असे येथील मठाच्या आवारात जपमाळ ओढीत बसलेले वृद्ध पाहून मला वाटले. शिवाय ज्या मुलुखात ते आले तेथे बुद्ध परका नव्हता. त्यांच्या भारतातील आगमनापूर्वी तीनच वर्षे, १९५६ मध्ये, नागपुरास बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. पूजाविधी मात्र अगदी निराळे.

एक गोष्ट मनाला खुपली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाची सही नाही. त्यामुळे शरणागताचा सांभाळ होतो तो सरकारच्या मर्जीने, आणि येथेच जन्मलेल्या अनेकांनाही परदेशीय म्हणून नोंदणीपत्र बाळगून त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. भातशेती तिबेटी व बंगाली दोघांचीही एकच असता नोंदणीपत्राच्या त्या सरकारी कागदाने त्यांच्यात केवढे अंतर पाडावे!

उद्या प्रतापगडास जाईन. तेथे महादेवाचे देऊळ आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा दोन्ही आहेत. उत्तर नागपूरच्या पत्त्यावर धाडावे. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा