आज्ञार्थ आणि भूतकाळ

विमानाचा आणि सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकाचा संबंध काय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्या घरांतील मुलगा स्वतःच्या हातांनीं विमान बांधून त्यांत बसावयास निघाला आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस तो विषय थोडाफार शिकावाच लागतो.

माझा पुतण्या अमेरिकेंत ऑरेगॉन राज्यांत राहतो. त्यानें गॅरेजमध्यें दोन आसनांचें विमान बांधावयास घेतलें आहे. अशा विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीं शिक्षणासाठीं किंवा मनोरंजनासाठीं केलेलें असावें, असा तिकडील नियम आहे. त्याच राज्यांतील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे सुटे भाग जोडून लोकांनीं ११,००० हून अधिक विमानें उडविलीं आहेत. तरीहि आमच्या वहिनींचा जीव टांगलेलाच आहे.

पंखाच्या मागील कडेस फ्लॅप असतो. तो खालीं झुकविला म्हणजे पंखाची उचलण्याची शक्ति वाढते व विमान कमी वेगानेंहि तरंगतें. २० ऑगस्ट २००८ रोजीं माद्रिद येथें फ्लॅप न काढतां उड्डाण करूं गेलेलें प्रवासी विमान कोसळून १५४ माणसें दगावलीं. शेपटीवर ट्रिमची लहानशी पट्टी असते; तिच्या योगानें वैमानिकास दांडा सतत दाबून वा ओढून धरावा लागत नाहीं. फ्लॅप हातदांड्यानें ओढावयाचा असला, तर दांडा कोणत्या खांचेंत अडकला यावरून त्याची स्थिति समजते. बटण दाबून विजेच्या मोटारीनें काम होऊं लागलें कीं हातास कांहींच कळत नाहीं. म्हणून समोर स्थितिदर्शक हवा.

“काका, दर्शकाची तार बटणापासूनच घेतली तर काम सोपें होतें,” पुतण्या दूरध्वनीवर म्हणाला. “फ्लॅपपासून घ्यावयाची तर तेथें सरकता विद्युत्‌रोधक बसवावा लागेल.”

मीं म्हटलें, “अरे, ‘गच्छ’ हा आज्ञार्थ, ‘गतः’ हें भूत. बटण सांगेल तें आज्ञार्थांत. तुला हवा आहे भूतकाळ.”

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २८ मार्च १९७९ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रांत एक झडप उघडीच राहिली. दिवा मात्र विझला. कारण तो झडपेची स्थिति दाखवीत नसून, बंद होण्याचा हुकूम सुटला एवढेंच दाखवीत होता. कर्मचारी फसले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

वहिनींना हें व्याकरण समजावून सांगावें लागलें नाहीं. निजण्यापूर्वीं दाराची कडी त्या स्वतः हात लावून पाहतात. “लाव म्हणून सांगितलें आहे” या उत्तरावर त्या कधींच विसंबल्या नाहींत. एकत्र कुटुंबांत चार माणसें आज्ञा करणारीं असतात. झालें कीं नाहीं हें पाहणारें एखादेंच असतें, आणि घर त्याच्यावर चालतें.

पुतण्यानें विद्युत्‌रोधक फ्लॅपलाच जोडला. “तो सैल झाला तर?” वहिनींनीं विचारलें. तेव्हां त्यानें आसनावरून मान वळवितांच दिसतील अशा रंगीत खुणाहि फ्लॅपवर केल्या. त्यांचें छायाचित्र वहिनींनीं देवघराशेजारीं लावलें आहे.